चिंच-मीठ आणि दहा लाखांचं नाणं

परवा मावशीनं घरच्या ग्रुपवर तीन फोटो टाकले. पहिल्यात स्टीलची वाटी, वाटीत चिंचेचा कोळ आणि त्यात बुडालेलं तांब्याचं नाणं. दुसऱ्यात टूथपेस्ट फासलेला चांदीचा रुपया. तिसऱ्यात देव्हाऱ्यातलं, हळदीकुंकवाखाली पुरतं गाडलेलं काहीतरी गोल. खाली प्रश्न : "याचे किती येतील रे?"

आदल्या दिवशी तिनंच एक मेसेज पुढं ढकलला होता. तुम्हालाही आला असेल. त्याचा गोषवारा असा : घरातलं जुनं नाणं चिंच-मिठानं किंवा टूथपेस्टनं चकाचक करा, चमक जितकी जास्त तितका भाव जास्त. वैष्णोदेवीच्या पाच रुपयांचे दहा लाख येतात. राम-सीता असलेल्या ईस्ट इंडिया कंपनीच्या १८१८ च्या नाण्याची किंमत कोटीत. चुंबकाला चिकटतं किंवा तांदूळ ओढतं ते नाणं अस्सल. रिझर्व्ह बँक आणि परदेशी ग्राहक खरेदी करतात, फक्त नोंदणीची फी आधी भरा. नाणी प्लास्टिकच्या पाकिटात सुरक्षित राहतात.

मी वीसेक वर्षं नाणी जमवतो. श्रीमंत झालेलो नाही, हे आधीच सांगून टाकतो. मेसेजमधल्या भावांपेक्षा मला पहिल्या वाक्याचा राग जास्त आहे. दहा लाखांच्या आशेनं कुणाचं फार बिघडत नाही, पण चिंचेच्या वाटीत गेलेलं नाणं परत येत नाही.

तांब्याचं नाणं हवेत राहिलं की त्यावर आधी लालसर आणि मग गडद तपकिरी थर चढतो. लोखंडाचा गंज आतआत खात जातो, हा थर तसा नाही. तो बसला की खालचा धातू बराचसा सुरक्षित राहतो. चिंचेतलं टार्टरिक आम्ल हा थर विरघळवतं, म्हणून नाणं गुलाबी-लालभडक दिसतं. ते 'नवं' झालेलं नसतं, त्याची कातडी सोललेली असते. टांकसाळीतून आलेल्या कोऱ्या तांब्याची झळाळी वेगळी असते आणि नाण्यात मुरलेल्या कुठल्याही माणसाला हा फरक दुरूनच कळतो. तांब्याचा हंडा आपण वर्षानुवर्षं चिंचेनं घासतो आणि त्याला काही होत नाही, हे खरं. पण हंड्यावर अक्षरं नसतात. नाण्याचा उठाव मिलिमीटरच्या काही भागाइतकाच असतो आणि सगळा इतिहास तेवढ्याच उंचीवर लिहिलेला असतो.

आणि चिंचेपेक्षा मीठ वाईट. आम्लानं उघड्या पडलेल्या तांब्यावर मिठातलं क्लोराइड बसतं, बारीक खळग्यांत शिरतं आणि नळाखाली धुतल्यानं पूर्ण निघत नाही. पुढच्या पावसाळ्यात दमट हवा लागली की त्यातून फिकट हिरवी, खडूसारखी भुकटी फुटायला लागते. संग्राहक याला 'ब्राँझचा रोग' म्हणतात. क्लोराइड, ओल आणि तांबं मिळून तिथल्या तिथं हायड्रोक्लोरिक आम्ल तयार करतात, ते आणखी तांबं खातं, आणि हे चक्र चालूच राहतं. म्हणजे जो रोग टाळायला आम्ही संग्राहक धडपडतो, तो लावून घ्यायची कृती हा मेसेज घरोघर वाटतो आहे. कोकणात किंवा मुंबईत समुद्राजवळ राहणाऱ्यांच्या हवेतच मीठ असतं. वरून आपण आणखी घालायची गरज नाही.

टूथपेस्टमध्ये दात घासण्यासाठी बारीक खर असते. चांदी दाताच्या वरच्या थरापेक्षा कितीतरी मऊ. घासलेल्या रुपयावर केसासारखे हजारो ओरखडे उठतात, दिव्याखाली तिरकं धरलं की सगळे एका दिशेनं चमकतात. मावशीचा रुपया पंचम जॉर्जचा होता. त्याचीच एक गंमत सांगतो. १९११ साली पाडलेल्या रुपयावर राजाच्या झग्यावर जो बारकासा हत्ती होता, त्याची सोंड आखूड निघाली आणि लोकांना त्यात डुक्कर दिसलं. बोभाटा झाला, नाणी मागं घेतली, बरीचशी पुन्हा वितळवली आणि १९१२ पासून हत्तीला नीट सोंड आली. आता विचार करा : १९११ च्या रुपयाची सगळी कथा मोहरीएवढ्या जागेत आहे. टूथपेस्टचा ब्रश आधी फिरतो तो याच उंचवट्यावर. मावशीचा रुपया १९१७ चा निघाला, तेव्हा डुकराचा प्रश्न नव्हता. पण हत्तीही आता हत्ती राहिलेला नाही.

चमकेलाच भाव असता तर जोगळटेंभीच्या नाण्यांना कुणी विचारलं नसतं. नाशिकजवळच्या या गावात १९०६ साली चांदीच्या सव्वातेरा हजार नाण्यांचा साठा सापडला. सगळी क्षत्रप नहपानाची, आणि त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला छाप पुन्हा मारलेला. हरलेल्या राजाच्या चेहऱ्यावर जिंकलेल्याची खूण. खालच्या नहपानाचं नाक, कान, अक्षरांचा एखादा तुकडा अजून दिसतो म्हणूनच कोण कोणानंतर आला हे त्या नाण्यांवरून सांगता येतं. कुणी उत्साहानं ती घासून 'स्वच्छ' केली असती तर खालचा राजा पुसला गेला असता आणि वरचा एकटाच उरला असता.

मग कधीच काही करायचं नाही का? असंही नाही. 'नाण्याला हात लावू नका' हा उलट्या बाजूचा मंत्र आमचे काही मित्र जपतात, तोही मला पटत नाही. तेलकटपणा, डिंक, माती यांना नाण्यावर राहायचा हक्क नाही. डिस्टिल्ड पाण्यात भिजत ठेवा, गरज पडली तर काही दिवस, रोज पाणी बदलत. तेल किंवा प्लास्टिकचा चिकटा असेल तर शुद्ध अॅसिटोन चालतं, धातूवर त्याची क्रिया होत नाही. नेलपॉलिश रिमूव्हर मात्र नको, त्यात रंग आणि सुगंध असतात. काचेच्या भांड्यात, खिडकी उघडी ठेवून आणि गॅसपासून लांब. नंतर मऊ सुती कापडानं टिपायचं, पुसायचं नाही. टिपणं आणि पुसणं यातला फरक आमच्या छंदात एखाद्या धर्मपंथाइतका गंभीर आहे. वर सांगितलेली हिरवी भुकटी काडीनं टोकरल्यावर झडत असेल, तर घरगुती उपाय थांबवून जाणकाराकडं जायचं. हिरवा थर टणक आणि गुळगुळीत असेल तर तो बहुधा जुना आणि स्थिर असतो, त्याला तसाच राहू द्यावा.

वैष्णोदेवीच्या नाण्याचं थोडक्यात. श्राइन बोर्डाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त २०१२ साली ते निघालं आणि रोजच्या चलनात आलं. किराणा दुकानात त्याचे पाच रुपये मिळतात. नाण्याचा भाव दुर्मिळतेवर आणि स्थितीवर ठरतो, देवाच्या चित्रावर नाही.

राम-सीतेचं १८१८ चं नाणं हा जरा रुचकर विषय आहे. ही नाणी मी पाहिली आहेत. एका बाजूला रामपंचायतन किंवा हनुमान, दुसरीकडं 'ईस्ट इंडिया कंपनी' आणि अर्धा आणा किंवा एक आणा. वर्षं १६१६, १७१७, १८१८ अशी, जणू कंपनी पाढे म्हणत नाणी पाडायची. १६१६ साली कंपनीकडं सुरतेची वखार होती, पण मुंबई नव्हती. ती तिच्या हाती १६६८ मध्ये आली. हे जत्रेत मिळणारे पूजेचे टोकन आहेत, कंपनीचं चलन नाही. कंपनीच्या मुंबई इलाख्यातल्या खऱ्या पैशावर तराजू असतो आणि तराजूच्या दोन पारड्यांमध्ये फारसीत 'अदल', म्हणजे न्याय.

पण इथं खोडून काढणारेही चुकतात. 'कंपनीनं हिंदू देव नाण्यावर कधीच आणला नाही' असं जे छातीठोकपणे लिहितात, त्यांनी मद्रासच्या टांकसाळीचे सोन्याचे होन बघावेत. त्यांवर एका बाजूला गोपुर आणि दुसरीकडं विष्णू आहे. दक्षिणेत त्याच घाटाचं नाणं लोकांच्या विश्वासाचं होतं, म्हणून व्यापाऱ्यानं तेच पाडलं. राम-सीतेचं खरं जुनं नाणं हवं असेल तर ते अकबराचं. धनुष्य घेतलेला पुरुष, मागं स्त्री आणि वर नागरीत 'राम सिय'. त्याच्या कारकिर्दीच्या अखेरीला निघालेली ही नाणी जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत आणि तुमच्या माळ्यावर त्यातलं एक नाही. माझ्याही नाही.

चुंबकाचा नियम मेसेजनं अगदी उलटा सांगितला आहे. सोनं, चांदी, तांबं चुंबकाला चिकटत नाहीत. १९४७ चा निकेलचा रुपया चिकटतो, आजची स्टेनलेस स्टीलची नाणी चिकटतात. राणीछाप रुपया चिकटला तर समजायचं की तो नकली आहे. खऱ्याचं वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे एक तोळा, आणि चांदी जवळजवळ ९२ टक्के. आजोबा नाणं फरशीवर वाजवून खणखणीत आहे का बघायचे. आता स्वस्तात डिजिटल काटा मिळतो, तेव्हा नाणं आपटायची गरज उरलेली नाही. तांदूळ ओढणारं नाणं, ज्याला 'राइस पुलर' म्हणतात, त्यावर मी वेळ घालवणार नाही. ते नाणं नसतं, फसवणाऱ्यांची टोळी असते.

फीचंही तसंच. रिझर्व्ह बँकेनं ४ ऑगस्ट २०२१ रोजी पत्रक काढून सांगितलं आहे की जुन्या नोटा-नाण्यांच्या असल्या व्यवहारांशी तिचा संबंध नाही, आणि त्यासाठी ती कुणाकडं शुल्क किंवा कमिशन मागत नाही. परदेशी ग्राहकाचं आमिष तर जास्त धोक्याचं, कारण शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्यानं पुरावस्तू ठरतं आणि खाजगी माणसाला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. शेतात हंडा सापडला तर १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून जिवंत आहे. ऐवज दहा रुपयांपेक्षा जास्त असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. दहा रुपयांचा तो आकडा १८७८ चाच आहे, हसू आलं तरी.

शेवटचा मुद्दा पाकिटांचा, आणि इथं मी स्वतः पोळलो आहे. सुरुवातीला मी एक मऊ, पारदर्शक पानांचा अल्बम घेतला होता आणि युद्धकाळातले भोकाचे पैसे त्यात मोठ्या प्रेमानं लावले होते. सहा पावसाळ्यांनंतर उघडला तर पानांना नव्या रेनकोटसारखा वास आणि नाण्यांवर हिरवा चिकट थर. पीव्हीसी प्लास्टिक मऊ राहण्यासाठी जे घालतात ते बाहेर झिरपतं, प्लास्टिकमधून आम्ल सुटतं आणि तांब्याला खातं. अकरा पैसे गेले. वास येणारं, लवचिक प्लास्टिक नाण्यासाठी नको. कडक मायलरचे (हे पॉलिएस्टरचं प्लास्टिक) होल्डर किंवा कॅप्सूल घ्या, सोबत सिलिका जेलची पुडी ठेवा आणि ती अधूनमधून गरम करून सुकवा. रबरबँड आणि वर्तमानपत्राचा कागद चांदीला काळं करतात, त्यांतल्या गंधकामुळं. नव्या प्लायवूडच्या कपाटापेक्षा जुनी लोखंडी पेटी बरी. नाणं कडेनं धरा, आणि जुलैत कौतुकानं पाहुण्यांना दाखवू नका. चिवड्याचे हात लागतात.

मावशीला हे सगळं फोनवर सांगितलं. चिंचेतलं नाणं व्हिक्टोरियाचा पाव आणा होता, १८६२ चा, एके काळी घरोघरी असलेला. राणीच्या पोशाखावरच्या नक्षीतल्या बारीक फरकांवरून त्याचे प्रकार ओळखतात, आता ती नक्षी उरलेली नाही. शे-दोनशे मिळाले असते, आता डीलर ढिगाच्या डब्यात टाकेल. निदान मीठ तरी निघावं म्हणून आठवडाभर डिस्टिल्ड पाण्यात ठेवायला सांगितलं.

"आणि देव्हाऱ्यातलं? त्याला अजून चिंच लावली नाही," ती म्हणाली. मी फोटो मोठा करून पाहिला. कुंकवाच्या फटीतून दोन आडव्या रेघा आणि एका 'त्र'चा पाय दिसत होता. दुदांडी शिवराई असावी, म्हणजे दोन रेघांचा, मराठेशाहीतला तांब्याचा पैसा. कुंकवानं शंभरेक वर्षं तिला घासणाऱ्या हातांपासून वाचवलं होतं.

"ते पाठवू का तुझ्याकडं साफ करायला?"

"नको, राहू दे तिथंच," म्हटलं. "फक्त एकादशीला पंचामृतात घालू नकोस. दही आंबट असतं."