गाडी आल्याची वेळ कोणीच लिहीत नाही

बेळगावहून माल भरून पुण्याकडे जाणाऱ्या ड्रायव्हरला लोक नेहमी रस्त्याबद्दल विचारतात. तवंदी घाटात गाडी तापली का, कोगनोळीच्या टोलनाक्यावर रांग किती होती, कागलच्या पुढे रस्त्याचे काम अजून चालूच आहे का? रस्त्याचे हाल आम्ही धंद्याचा भाग म्हणून सोसतो. माझा संताप होतो तो रस्ता संपल्यावर. गोदामाच्या फाटकासमोर गाडी लावली की त्या क्षणापासून ड्रायव्हरच्या वेळेची किंमत शून्य होते, आणि ती शून्य करणाऱ्या प्रत्येकाला तो आपला हक्कच वाटतो.

उद्यमबागेतल्या फाउंड्रीचे कास्टिंग असो की चिकोडी भागातल्या कारखान्याची साखर, माल भरताना सगळ्यांना घाई असते. "सकाळी नऊच्या आत गाडी लागलीच पाहिजे, नाहीतर भाडे कापू," असा दम भरला जातो आणि रात्री जेवायला थांबलो तरी दोनदा फोन येतो. झोप मारून आम्ही गाडी वेळेवर नेतो. फाटकावर मात्र साहेब अजून आलेले नसतात. साहेब आले की हमालांची टोळी दुसऱ्या गाडीवर असते, टोळी मोकळी झाली की जेवणाची सुट्टी होते, आणि सुट्टी संपल्यावर कळते की आत माल ठेवायला जागाच नाही, उद्या बघू. जागा नव्हती तर माल मागवला कशाला, हा प्रश्न विचारणाऱ्या ड्रायव्हरची गाडी रांगेत आणखी मागे जाते, म्हणून सगळे मूग गिळून बसतात.

फाटकावरची वही एकदा नीट पाहावी. त्यात गाडीचा नंबर असतो, ड्रायव्हरचे नाव आणि मोबाइल नंबर असतो, गाडी आत घेतल्याची वेळ असते आणि बाहेर सोडल्याची वेळ असते. गाडी फाटकावर येऊन उभी राहिल्याच्या वेळेसाठी रकानाच नसतो. वॉचमन फाटक उघडतो तेव्हाच पेन उचलतो, त्यामुळे सकाळी आलेली गाडी दुसऱ्या दिवशी दुपारी आत घेतली, तरी कागदावर ती दुसऱ्या दिवशी दुपारीच आलेली असते. ही चूक नाही, ही सोय आहे. चोवीस तासांपुढे हॉल्टिंग, म्हणजे गाडी थांबवून ठेवल्याचे पैसे, द्यायचे असे भाडे ठरवताना तोंडी कबूल केलेले असते, आणि ते बुडवण्यासाठी या एका गाळलेल्या रकान्याइतके उपयोगी दुसरे काही नाही. गाडी फाटकासमोर उभी असल्याचा फोटो मी वेळेसकट पाठवला, तर उत्तर आले की गाडी बाहेर उभी होती, आमच्याकडे रिपोर्ट झालेली नव्हती. ट्रान्सपोर्टवाला पार्टीकडे बोट दाखवतो, पार्टी गोदामाकडे दाखवते आणि गोदामवाले वहीकडे.

त्यातून माझा पगार ट्रिपवर आहे. चाके फिरली तर पैसे, थांबली तर काही नाही. मोटार परिवहन कामगारांसाठी १९६१ साली कायदा झाला आणि त्यात दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस तास असे कामाचे तास ठरले, पण तो कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्यांसाठी होता. आमच्या मालकाच्या गाड्या दोन. सीमाभागातल्या बहुतेक मालकांची हीच स्थिती आहे, आणि मालकाला तरी काय बोलणार, त्याचा बँकेचा हप्ता गाडी उभी आहे म्हणून थांबत नाही.

थांबायचे कुठे, हाही प्रश्न आहेच. गाडी आत घेत नाहीत म्हणून ती सर्व्हिस रोडवर उभी राहते आणि पोलीस येऊन नो पार्किंगचे चलन फाडून जातात. मालाच्या वाहतुकीसाठी जीएसटीत काढावे लागणाऱ्या ई-वे बिलाचे घड्याळ वेगळेच चालते. त्याची मुदत २०० किलोमीटरला एक दिवस अशी मोजतात, म्हणजे बेळगाव ते पुणे या साधारण साडेतीनशे किलोमीटरला दोन दिवस मिळतात, आणि गोदामाच्या दारात उभ्या असलेल्या गाडीचे बिल तिथल्या तिथे संपू शकते. मुदत वाढवून घ्यायला फोन करायचे ते ड्रायव्हरनेच. आवारात संडास असतो, पण ड्रायव्हरला आत प्रवेश नाही. प्यायच्या पाण्याची बाटली विकत घ्यायची, आंघोळ विसरायची आणि तापलेल्या केबिनमध्ये पडून राहायचे, कारण डोळा लागला आणि नंबर पुकारला तर नंबर गेला. २०२५ च्या ऑक्टोबरपासून नव्या ट्रकच्या केबिनमध्ये एसी बंधनकारक झाला, हे चांगलेच झाले. तो एसी उभ्या गाडीत चालवायला लागणारे डिझेल कोण देणार, हे मात्र कोणी ठरवलेले नाही.

एवढे सोसून नंबर लागला की वाराई, म्हणजे माल उतरवण्याची हमाली, पुढे येते. माल ज्याने विकला त्याचा, ज्याने घेतला त्याचा, पण तो उतरवण्याचे पैसे ड्रायव्हरच्या खिशातून. पन्नास किलोचे पोते पाठीवर घेऊन दिवसभर फळीवरून चालणाऱ्या हमालाशी माझे भांडण नाही, त्याला पैसे मिळालेच पाहिजेत. पण ते त्याला माल घेणाऱ्याने द्यावेत. ज्याचा माल त्याचा हमाल, हे मालवाहतूकदार वर्षानुवर्षे ओरडून सांगत आहेत आणि सगळे कानांवर हात ठेवून बसले आहेत. वाराई नाकारली तर माल मिळाल्याची पोच मिळत नाही, पोच नाही तर उरलेले भाडे मिळत नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

आमच्या गाडीवर केए २२ नंबर आहे, त्याचाही फटका बसतो. एका गोदामात सुपरवायझर माझ्यासमोरच म्हणाला, "कर्नाटकची गाडी आहे, लांबून आलीय, ती कुठे जातेय? थांबेल. आधी लोकल गाड्या घ्या." हे तो मराठीत म्हणाला आणि मी मराठीतच ऐकले. २०२२ च्या डिसेंबरमध्ये हिरेबागेवाडीच्या टोलनाक्याजवळ महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगड पडले आणि पुण्यात कर्नाटकच्या बसगाड्यांना काळे फासले गेले, तेव्हा गाड्या बाजूला लावून बसण्याची वेळ दोन्हीकडच्या ड्रायव्हरांवर आली. आपली गाडी सीमेच्या कुठल्याही बाजूला उभी राहिली, तरी त्या खोळंब्याची भरपाई ना बेंगळुरूने दिली ना मुंबईने.

खोळंबा म्हणून प्रत्येक वेळी राग येतो असे नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ महामार्गावर चढले आणि गाड्यांच्या रांगा लागल्या. तेव्हा कोणाला शिव्या द्यायच्या होत्या? आसपासच्या गावांतल्या माणसांनी भाकरी आणि पिठले आणून दिले, पाण्याच्या घागरी भरून ठेवल्या, स्वतःच्या घरात पाणी शिरायची भीती असताना आमची विचारपूस केली. गोदामवाल्याच्या दारात ना पूर असतो ना अडचण. तिथे फक्त एक माणूस बाहेर उभा आहे हे दिसत असूनही कोणाला काही वाटत नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे आणि ती मी प्रत्येक ट्रान्सपोर्ट ऑफिसात मांडतो. बिल्टीवरच, म्हणजे मालासोबतच्या वाहतुकीच्या पावतीवरच, गाडी फाटकावर पोचल्याच्या वेळेचा रकाना छापा. गाडी आली की तिथल्या माणसाने वेळ लिहून सही करावी, आणि हॉल्टिंग त्या सहीपासून मोजावे. जो सही करणार नाही त्याच्या गोदामासाठी माल भरू नये, हे मालकांनी आणि ट्रान्सपोर्टवाल्यांनी मिळून ठरवावे. तोंडी हॉल्टिंगच्या भरवशावर गाडी लावायला मी आता तयार नाही, हे मी आमच्या मालकाला सांगून टाकले आहे.