सातबारा एकाचा, घाम दुसऱ्याचा

"पीएम किसानचे दोन हजार पडले," म्हणत नानांनी मोबाईल पुढे केला आणि कट्ट्यावर वादाला तोंड फुटलं.

आप्पांनी सरळच विचारलं, "नाना, तुम्ही शेवटचं औत कधी धरलं?"

नानांचं गावात दुकान आहे. सहा एकर काळं रान बाळू बटईने करतो. बी-खत निम्मं-निम्मं, मेहनत सगळी बाळूची, सोयाबीन अर्धं-अर्धं. बाळू तिथेच बसला होता, चहा पीत. केंद्राचे वर्षाला 6000, 2023 पासून राज्याच्या नमो शेतकरीचे आणखी 6000. हे बारा हजार नानांच्या खात्यात. बाळूला शून्य, कारण त्याच्या नावावर गुंठाही नाही.

"नियमात बसतं म्हणून मिळतं," नाना म्हणाले. "मी काय चोरी केली?"

चोरी नाहीच. केंद्राची योजना आली तेव्हा दोन हेक्टरची अट होती, ती 2019 मध्येच काढली. आयकर भरणारे, डॉक्टर, वकील, सरकारी नोकरदार, दहा हजारांवर पेन्शन घेणारे वगळले. पण जमीन कसतो कोण, हा प्रश्न अर्जात कुठेच नाही. माझं भांडण तिथेच आहे. सन्मान शेतकऱ्याचा म्हणायचं आणि बघायचा फक्त सातबारा!

सर म्हणाले, "बटईदाराला द्यायचं तर कागद लागेल. कागद कोण देणार?"

मुद्दा खरा आहे. आपल्या मराठवाड्यात 1950 चा हैदराबाद कूळकायदा. कुळाचं, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याचं, नाव लागलं की जमीन गेली, ही भीती दोन पिढ्या घरोघरी आहे. म्हणून सगळा व्यवहार तोंडी. बाळू पहिल्यांदा बोलला तो यावरच. "दोन हजारांचं जाऊ द्या नाना. अतिवृष्टीत पेरा माझाबी गेला. पंचनाम्याला तलाठ्याबरोबर चिखलात मी फिरलो, अनुदान तुमच्या खात्यात आलं. तुम्ही त्यातले अर्धे दिले, मान्य. सगळेच मालक देतात का?"

नाना गप्प झाले. मग म्हणाले, "नाव लागलं तर उद्या तुझी पोरं कोर्टात जातील."

आप्पांनी ओडिशाचं काढलं. तिथल्या कालिया योजनेत बटईदार आणि भूमिहीन कुटुंबंही धरली होती. तेलंगणाने 2018 मध्ये उलटं केलं: रयतु बंधू योजनेत एकरी पैसे, वर मर्यादा नाही, म्हणजे मोठ्या जमीनदाराला मोठी रक्कम आणि बटईदाराला काही नाही. आपल्याला यातलं कुठलं हवं, हे निदान बोलायला तरी हवं.

माझं म्हणणं असं की ई-पीक पाहणीत, म्हणजे मोबाईलवरून होणाऱ्या पिकाच्या नोंदीत, पेरणाऱ्याचं नाव घ्या, आणि या नोंदीने मालकी किंवा कूळहक्क मिळणार नाही हे कायद्यात स्पष्ट लिहा. नीती आयोगाने 2016 मध्ये असाच भाडेपट्ट्याचा मसुदा दिला होता. मालकाचं भय जाईल, आणि पीकविमा, नुकसानभरपाई, पीककर्ज यांवर बाळूला निदान हात ठेवता येईल. आज विम्यालाच नोंदणीकृत भाडेकरार मागतात, तो कुठला मालक करून देतो?

"यंदा विम्यापुरता करार करून द्याल का?" बाळूने विचारलं.

"घरात विचारून सांगतो," नाना म्हणाले.

"पेरणीच्या आत सांगा," बाळू म्हणाला. "नंतर पोर्टल बंद होतं."