"जुलाब बंद करायचं काहीतरी द्या"

थंडी पडली की आमच्या मेडिकलच्या काउंटरवर ही मागणी सुरू होते. परवा शटर ओढता ओढता एक जण आला. दहा महिन्यांचं बाळ. आदल्या दिवशी उलट्या, थोडी कणकण, आणि सकाळपासून आठ-नऊ वेळा पाण्यासारखी शी. "दात येतायत हो त्याला. मोठ्याला दिलेलं ना, ते गुलाबी अँटिबायोटिक द्या."

दिलं नाही. चिडला.

दातांचा जुलाबांशी संबंध एवढाच की त्या वयात पोरं सापडेल ते तोंडात घालतात. थंडीचे दिवस, दोन वर्षांच्या आतलं मूल, आधी उलटी-ताप, मग पाण्यासारखे जुलाब आणि शीत रक्त नाही, असं असलं की बहुतेकदा व्हायरसच असतो. नोरो, अॅडिनो, अॅस्ट्रो असे बरेच आहेत, पण जुना म्होरक्या रोटा. 1973 मध्ये मेलबर्नला रूथ बिशप आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तो आजारी मुलांच्या आतड्याच्या नमुन्यांत दिसला. दिसायला चाकासारखा, म्हणून रोटा. लॅटिनमध्ये रोटा म्हणजे चाक.

लहान आतड्याला आतून मखमलीसारखं अस्तर असतं. हा व्हायरस त्या मखमलीचे शेंडेच कुरतडतो, मग पाणी शोषलं जात नाही. अँटिबायोटिक बॅक्टेरियांवर चालतं, व्हायरसचं काही वाकडं करत नाही. अस्तर काही दिवसांत आपोआप भरून येतं. तोवर बाळाच्या अंगातलं पाणी टिकवायचं, हाच उपचार. ओआरएस, सोबत डॉक्टर सांगतील तसं चौदा दिवस झिंक, आणि आईचं दूध चालूच ठेवायचं. ते कशाला तोडतात देव जाणे!

रोटावर लस आहे. आपल्या राज्यात 2019 पासून सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना, तोंडावाटे. "लस देऊनही जुलाब झालेच की" असं मला ऐकवतात. अहो, जुलाब होऊ शकतात, पण सलाईन लावायची पाळी येण्याचा धोका बराच कमी होतो.

त्या माणसाच्या हातात ओआरएसची पुडी ठेवली आणि विचारलं, कशी कालवणार? "अर्धी पुडी पेलाभर पाण्यात." इथेच माझं डोकं फिरतं. मोठी पुडी एक लिटरची असते. कमी पाण्यात घातली तर मीठ जास्त होतं आणि बाळाला उलट अपाय होतो. फळीवरची लिटरची बाटली काढून दाखवली. उकळून गार केलेलं पाणी एवढं घ्यायचं, आख्खी पुडी त्यात, आणि चमच्याचमच्याने पाजायचं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून परत.

मग विचारलं, शू कधी केली?

तो गप्प. "दुपारपासून नाही बहुतेक." रडताना डोळ्यांत पाणी? आठवेना. डोक्यावरची टाळू? "खोल वाटतेय, आई म्हणत होती." म्हटलं, अंगातलं पाणी फार कमी झालंय, घरी जाऊन पुडी कालवत बसू नका, बाळाला घेऊन थेट हॉस्पिटल गाठा.

काल संध्याकाळी आला. बाळाला सलाईन लागलं होतं, आता बरं आहे.

"मोठ्यालाही सुरू झालेत," म्हणाला. "दोन पुड्या द्या. आणि साबण."