खुलासा: ‘बायोगॅसमध्ये ९९% मिथेन’ हा मेसेज चुकीचा आहे

शेणाच्या बायोगॅसच्या जीसी (गॅस क्रोमॅटोग्राफी, म्हणजे मिश्रणातले वायू वेगळे करून मोजणारी चाचणी) रिपोर्टचा फोटो आणि ‘शुद्धीकरण न करता ९९% मिथेन’ ही ओळ सध्या ग्रुपांवर फिरते आहे. मीही ती परवा पुढे पाठवली होती, चूक माझीही.

रिपोर्टमधला आकडा खोटा नाही, त्याचा अर्थ चुकला आहे. तो ‘एरिया टक्का’ आहे, म्हणजे आलेखात दिसलेल्या सगळ्या ‘पीक’च्या (वायूंच्या उंचवट्यांच्या) एकूण क्षेत्रफळातला मिथेनचा वाटा. फोटोत डिटेक्टर (वायू ओळखणारा भाग) एफआयडी लिहिला आहे, म्हणजे वायू ज्योतीत जाळून ओळखणारा, आणि एफआयडीला कार्बन डायऑक्साइड जवळपास दिसतच नाही. बायोगॅसमध्ये तर तो साधारण ३० ते ४५% असतो! जो वायू मोजलाच नाही, तो बेरजेत कुठून येणार?

खरे प्रमाण काढायला माहीत असलेल्या मिश्रणाचा प्रमाणित सिलिंडरमधला वायू त्याच सेटिंगवर, नमुन्याइतक्याच आकारमानाने यंत्रात सोडतात. समजा, ६०% मिथेनचे क्षेत्रफळ ४८,००० आले आणि नमुन्याचे ४६,४००, तर नमुन्यात ५८% मिथेन. कार्बन डायऑक्साइडसाठी टीसीडीसारखा (वायूची उष्णता वाहण्याची क्षमता मोजणारा) डिटेक्टर लागतो, आणि त्याचे कॅलिब्रेशनही (प्रमाणित वायूशी केलेली जुळवणीही) वेगळे.

तो फोटो कृपया पुढे पाठवू नका. आधीच पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.