मॉनिटरिंगच्या पासवर्डात @ आणि $ नकोत, हे खरं नाही

वेबसाइटवर नजर ठेवण्याचं काम करणाऱ्यांमध्ये एक सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. मॉनिटरिंगच्या खात्याचा पासवर्ड फक्त अक्षरं आणि आकड्यांचा ठेवा, विशेष चिन्हं टूलला झेपत नाहीत. चिन्ह टाळता येत नसेल तर त्याऐवजी सगळीकडे % ने सुरू होणारा कोड लिहा, जसं @ साठी %40. आणि टूलच्या तपासणीचा दिवा हिरवा झाला की विषय संपला. यातलं एकही विधान टिकत नाही, आणि शेवटचं तर घातक आहे.

आधी 'झेपत नाहीत' हे बघू. एचटीटीपी म्हणजे वेबवरच्या देवाणघेवाणीचे नियम; त्यातल्या लॉगिनच्या बेसिक पद्धतीत (बेसिक ऑथ) नाव आणि पासवर्ड कोलनने जोडून बेस६४ नावाच्या साध्या कोडमध्ये पाठवतात. २०१५ च्या आरएफसी ७६१७ या मानकाप्रमाणे कोलन नावात चालत नाही, पासवर्डात मात्र चालतो. म्हणजे खुद्द कोलनलाही तिथे मज्जाव नाही, मग @ ला कुठून असणार? मोडतोड होते ती त्याआधी, आपण पासवर्ड जिथे लिहून ठेवतो तिथे. बॅश या शेलच्या, म्हणजे आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रामच्या, स्क्रिप्टमध्ये दुहेरी अवतरणात "91$52" लिहा, सर्व्हरला 912 पोचेल, कारण $5 हे शेलला रिकामं चल (व्हेरिएबल) वाटतं. नागिओस या मॉनिटरिंग टूलमध्ये $ हवा असेल तर $$ लिहावा लागतो, आणि तपासणीच्या ओळीत ! आला की तिथून पुढचा मजकूर वेगळा घटक धरला जातो. यॅमल या सेटिंग लिहिण्याच्या पद्धतीत रिकाम्या जागेनंतर # आला की उरलेली ओळ टिप्पणी होते. पासवर्डातच एकेरी अवतरण नसेल तर शेल आणि यॅमल दोन्हीकडे एकेरी अवतरण पुरतं. त्याहून चांगलं म्हणजे पासवर्ड वेगळ्या फाइलमध्ये ठेवून टूलला फक्त फाइलचा पत्ता देणं. प्रोमिथियस या मॉनिटरिंग टूलच्या ब्लॅकबॉक्स एक्स्पोर्टर या तपासणी करणाऱ्या भागात ती सोय आहे.

ताकदीपुरतं बोलायचं तर एक मान्य करतो: यादृच्छिकपणे निवडलेली १८ अक्षरं-आकडे हे चिन्हांसकट १६ जागांच्या पासवर्डाला भारी पडतात. पण पासवर्ड ठरवणं दर वेळी आपल्या हाती नसतं. शिवाय ज्या स्क्रिप्टमध्ये $ मुळे पासवर्ड बदलतो, तिथे कुणी पासवर्डाच्या जागी आख्खी आज्ञा लिहिली तर तीही चालू शकते. चिन्ह टाळलं म्हणून ते भोक बुजत नाही.

₹ ची गोष्ट मात्र वेगळी. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत त्याचे तीन बाइट होतात, जुन्या लॅटिन-१ मध्ये त्याला जागाच नाही. दोन्ही टोकांचं एकमत नसेल तर ते टाळलेलंच बरं.

'सगळीकडे कोड लिहा' हेही अर्धवट. वेबसाइटच्या पत्त्यातच (यूआरएलमध्ये) पासवर्ड घालायचा असेल तर @ चं %40 करावंच लागतं, नाहीतर पासवर्ड कुठे संपला आणि सर्व्हरचं नाव कुठे सुरू झालं ते कळत नाही. पण स्वतःच एन्कोड करणाऱ्या, म्हणजे चिन्हांचे असे कोड बनवणाऱ्या टूलला %40 दिलं की ते % चंही %25 करतं, आणि %2540 निघतं. बेसिक ऑथच्या रकान्यात तर %40 ही तीन चिन्हं तशीच्या तशी पाठवली जातात. लॉगिन फॉर्मचा मामला उलटा: तिथे + तसाच पाठवला तर समोर रिकामी जागा म्हणून वाचला जातो. या + पायी मी एक आख्खी रात्र घालवली आहे, म्हणून सांगतो, आधी टूल स्वतः एन्कोड करतं का ते तपासा.

आता तो हिरवा दिवा. पासवर्ड चुकला तरी कित्येक लॉगिन फॉर्म २००, म्हणजे 'सगळं ठीक', हाच उत्तरकोड देतात आणि 'पुन्हा प्रयत्न करा' असं पान दाखवतात. फक्त उत्तरकोड बघणाऱ्या तपासणीला ते पान ठणठणीत वाटतं. आत लॉगिन महिनाभर बंद असलं तरी तिला पत्ता लागत नाही. दर पाच मिनिटांची तपासणी म्हणजे दिवसाला २८८ चुकीचे प्रयत्न, त्यात खातं कुलूपबंद होण्याची भीती वेगळीच. म्हणून लॉगिननंतरच दिसणारा शब्द, उदाहरणार्थ 'बाहेर पडा', पानावर आहे का हे तपासा. मग पासवर्डातलं शेवटचं अक्षर एकदाच मुद्दाम चुकवा. दिवा लाल झाला, तरच ती तपासणी खरी.