भरवशाच्या गाडीला टोणगा

मोठी ड्युअल-स्पोर्ट मोटारसायकल घ्यायची, इथपर्यंत सगळं सोपं असतं. डांबरावर पळायला हवी, मातीत गेल्यावर रुसायला नको, इंजिन साडेसहाशे सीसीच्या आसपास किंवा पुढे. एवढ्या अटींत बसणाऱ्या गाड्या हातापायांच्या बोटांवर मावतात. मग आपण शहाणपणा करतो आणि यादीत एक शब्द वाढवतो, "भरवशाची". इथून घोडं पेंड खायला लागतं.

माझ्या वहीत पाच रकाने आहेत. वजन, सीटची उंची, टाकी, टॅपेट (म्हणजे व्हॉल्व्हच्या वरची फट) किती किलोमीटरला तपासायचे, आणि भरवसा. पहिले चार अर्ध्या तासात भरून झाले. पाचव्यात इतकं लिहिलं आणि खोडलंय की कागदाला भोक पडलंय.

कारण भरवशाबद्दल विचारलं की माणसं गाडीबद्दल बोलत नाहीत, स्वतःच्या निवडीची वकिली करतात. होंडावाल्याला होंडा सोडून जगातल्या सगळ्या गाड्या काचेच्या वाटतात. केटीएमवाला "माझी कधीच बंद पडली नाही" म्हणतो आणि पुढच्याच वाक्यात इंजिनातल्या व्हॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकर आर्मचं बेअरिंग कसं तपासायचं ते इतक्या बारकाव्याने सांगतो की आपल्याला शंका यावी. सुझुकीवाला फारसं बोलत नाही. त्याची गाडी १९९६ पासून तशीच आहे, नवीन सांगण्यासारखं काही घडलेलंच नसतं. बीएमडब्ल्यूवाल्याला भरवशाबद्दल विचारा, तो गरम होणाऱ्या हँडल-ग्रिपबद्दल सांगेल.

मग वाटतं, माणसं जाऊ देत, आकडे बघू. २०१५ साली अमेरिकेतल्या कन्झ्युमर रिपोर्ट्सने आपल्या वाचकांकडून मोटारसायकलींची माहिती गोळा केली होती. गाडी चार वर्षांची होईपर्यंत काहीतरी बिघडण्याचं प्रमाण यामाहाचं ११ टक्के, सुझुकी आणि होंडाचं प्रत्येकी १२, कावासाकीचं १५. ट्रायम्फ २९, डुकाटी ३३, बीएमडब्ल्यू ४०. झालं, प्रश्न मिटला, असं वाटून वही मिटणार तोच त्याच पाहणीतला दुसरा प्रश्न दिसतो: "पुन्हा हीच गाडी घ्याल का?" त्यात वर होते व्हिक्टरी आणि हार्ले-डेव्हिडसनचे मालक. सगळ्यात कमी बिघडणाऱ्या यामाहाचे मालक बरेच खाली. म्हणजे जी गाडी त्रास देते तिच्यावरच माणसाचा जीव जडतो.

शिवाय त्या टक्क्यांत एक मेख आहे. सुझुकीच्या १२ टक्क्यांत डीआर ६५० आहे, तशी रेसिंगच्या अंगाची जीएसएक्स-आरही आहे. टक्का ब्रँडचा असतो, मोडतो मात्र एखादा बोल्ट. ब्रँड कधी कुणाचा रानात बंद पडलेला नाही. तेव्हा पाचव्या रकान्याचं नाव खोडून मी नवं लिहिलं: काय मोडतं, कुठे मोडतं, आणि मोडल्यावर सीटखालच्या पान्यांनी काय करता येतं. रकाना जरा रुंद करावा लागला.

सुरुवात कावासाकी केएलआर ६५० पासून केलेली बरी, कारण या गाडीच्या बिघाडाला स्वतःचं नाव आहे. गाडी १९८७ ची. एकच पिस्टन, ६५१ सीसी, त्यामुळे हादरे भरपूर. ते मारायला आत दोन बॅलन्सर बसवलेत आणि ते फिरवायला एक चेन. चेन ढिली पडू नये म्हणून एक लिव्हर आणि ते ओढून धरायला एक स्प्रिंग. या लिव्हरचं पुस्तकी नाव इतकं लांब आहे की लोकांनी त्याला "डूहिकी" म्हणायला सुरुवात केली, म्हणजे आपल्या भाषेत "ते हे, काय ते". जगभरातली मोठमोठी माणसं गंभीर चेहऱ्याने एकमेकांना विचारतात, "तुमचं ते हे बदललं का?"

जुन्या गाड्यांतलं हे लिव्हर दोन तुकडे जोडून केलेलं असायचं आणि कधीकधी मोडायचं. मोडलेला तुकडा इंजिनातच फिरणार. २००८ ला गाडी नव्याने आली तेव्हा लिव्हर सुधारलं, पण स्प्रिंगची रड राहिली. चेन थोडी झिजली की ताण घेता घेता स्प्रिंग तिच्या मूळ लांबीला येते, आणि मग ती नुसती शोभेला उरते. गंमत पुढेच आहे. मॅन्युअल सांगतं, अधूनमधून डाव्या बाजूचं रबरी बूच काढा, आतला आठ नंबरचा बोल्ट ढिला करा, स्प्रिंग आपोआप ताण घेईल, बोल्ट परत कसा. स्प्रिंगमध्ये जीव असेल तर हे छान आहे. जीव नसेल तर बोल्ट ढिला करताक्षणी लिव्हर होतं तिथूनही मागे सरकू शकतं आणि चेन आणखी ढिली पडते. म्हणजे ज्याने कर्तव्य म्हणून काळजी घेतली त्याचंच नुकसान, आणि आळशी माणूस त्यामानाने सुखात. देवाच्या दारी न्याय असेल, क्रँककेसमध्ये नाही.

उपाय आहे, चांगला आहे, आणि एका दिवसात होतो. डावं बाहेरचं कव्हर काढायचं, पुलर लावून मॅग्नेट ओढायचं, आतलं कव्हर काढायचं, मजबूत लिव्हर आणि योग्य ताणाची स्प्रिंग बसवायची, नवं गॅस्केट लावून बंद करायचं. हातोडीने मॅग्नेट काढायला जाऊ नये. मॅग्नेट निघत नाही, फुटतं. एकदा हे केलं की ही गाडी खेचरासारखी चालते. दिसतेही तशीच.

सुझुकी डीआर ६५० बद्दल ऐकाल तर वाटेल ही गाडी नव्हे, साधुपुरुष आहे. ६४४ सीसी, हवेवर आणि तेलावर थंड होणारं इंजिन, कार्ब्युरेटर, रेडिएटर नाही, पाण्याचा पंप नाही, म्हणजे जे नाही ते फुटणारही नाही. पण साधूलाही एक खोड आहे. क्लचच्या मागे, इंजिनाच्या आत, न्यूट्रलचा दिवा लावणारा स्विच दोन बारीक स्क्रूंवर धरलेला आहे. हादऱ्यांनी ते स्क्रू हळूहळू सुटतात. सुटून खाली पडले तर गिअरच्या दातांत जाऊ शकतात, आणि चालत्या गाडीचं मागचं चाक अडकणं म्हणजे काय याची कल्पनाच पुरे. एवढं सगळं कशासाठी, तर एक हिरवा दिवा लागावा म्हणून! उपाय म्हणजे उजवं कव्हर उघडायचं, क्लच बास्केट काढायची, स्क्रू स्वच्छ पुसून थ्रेडलॉक, म्हणजे आटे धरून ठेवणारा गोंद, लावून कसायचे. खात्री हवी असेल तर डोक्याला भोक असलेले स्क्रू घालून तारेने एकमेकांना बांधायचे. तेवढ्यात चेनच्या वरच्या रोलरकडेही बघून घ्यावं. तो फ्रेमला डकवलेला आहे आणि चेनने जोर लावला तर फ्रेमचा टवका घेऊन निघतो. बरेच जण तो काढूनच टाकतात, गाडीला कळतसुद्धा नाही.

या गाडीवर माझा जीव आहे तो टॅपेटमुळे. स्क्रू आणि चेकनट. इंजिन थंड, टाकी खाली, पिस्टन कॉम्प्रेशनवर वर आणायचा आणि फट मोजायचा फीलर गेज घालायचा: इनटेकला ०.०८ ते ०.१३ मिलिमीटर, एक्झॉस्टला ०.१७ ते ०.२२. पाती किंचित घासत सरकली पाहिजे, लोण्यातून सुरी गेल्यासारखी गेली तर ढिलं आहे. चेकनट कसताना स्क्रू सोबत फिरतो, म्हणून कसल्यावर पुन्हा मोजायचं. हे "पुन्हा मोजायचं" न केल्यामुळे जगात जेवढे टॅपेट वाजतात तेवढे झिजून वाजत नसतील. केएलआरला हेच काम शिमने, म्हणजे ठरावीक जाडीच्या चकतीने, करतात: मोजा, हिशेब करा, योग्य जाडीची शिम मागवा, आणि ती येईपर्यंत उघड्या इंजिनावर फडकं टाकून बसा.

होंडा एक्सआर ६५० एल १९९३ पासून जवळजवळ आहे तशीच विकली जाते, यातच तिचं प्रशस्तिपत्र आलं. सीट ९४० मिलिमीटरवर. दोन्ही पाय टेकवण्याची हौस असणाऱ्यांनी सोबत शिडी बाळगावी. तिचं तेल फ्रेममध्ये साठतं. गाडी रात्रभर उभी राहिली की ते खाली इंजिनात उतरतं, सकाळी डिपस्टिक कोरडी दिसते, माणूस घाबरून अर्धा लिटर ओततो, आणि मग ते तेल एअर-फिल्टरमध्ये निघतं. काही मिनिटं इंजिन चालवून, बंद करून, लगेच, गाडी सरळ उभी धरून मोजायचं असतं. "तेल खाते" अशी तक्रार यायच्या आधी मालकाने तेल मोजलं कधी हे विचारावं.

केटीएमची ६९० एन्ड्युरो आणि तिचीच बहीण हुस्कवार्ना ७०१ चालवायला घेतली की वरच्या तिन्ही गाड्या बैलगाड्या वाटतात, हे कबूल केलं पाहिजे. मात्र आधीच्या काही वर्षांतल्या गाड्यांत रॉकर आर्मच्या रोलरचं बेअरिंग जायचं. मग कॅमवर घासाघीस. खूण म्हणजे नवीन टिकटिक आणि काढलेल्या तेलात चमचमती चांदी. तेलात चांदी सापडणं हा श्रीमंतीचा योग नव्हे. पेट्रोलची टाकी मागे, सीटखाली, आणि तीच गाडीचं शेपूट धरते. भरण्याचं तोंडही सीटच्या मागे. म्हणजे मागे आडवी पिशवी बांधली की प्रत्येक पंपावर बिऱ्हाड उतरवायचं, भरायचं, पुन्हा चढवायचं. शिवाय जास्त सामान लादलं की सगळा भार ती टाकी धरून ठेवणाऱ्या बोल्टांवर जातो. ही धावायची गाडी आहे, ओझ्याची नाही; तिला ओझं लादून मग मोडली म्हणणाऱ्यांचं मी लिहून घेत नाही.

मोठ्या घराण्यांकडे वळलं की बीएमडब्ल्यूची आर मालिकेतली मोठी जीएस येते. १९८० च्या आर ८० जी/एस पासून तिला चेनच नाही, शाफ्ट आहे. रोज चेनला तेल लावणाऱ्याला हे स्वर्गसुख वाटतं. पण चेन तुटली तर खिशात जोडकडी ठेवून काम भागतं; शाफ्टच्या मागच्या टोकाचं बेअरिंग गेलं तर खिशात फक्त फोन उपयोगाचा. सुरुवातीच्या आर १२०० जीएसमध्ये तिथलं तेल "आयुष्यभराचं" म्हणून भरलेलं असे, नंतर ते ठरावीक अंतराने बदलायचं ठरलं. आयुष्य कुणाचं, तेलाचं की बेअरिंगचं, हे बहुधा आधी नीट ठरलं नव्हतं. मागचं चाक उचलून वर आणि खाली हात धरून हलवून बघावं. खटखट लागली किंवा सीलपाशी ओल दिसली की पुढचा बेत रद्द.

यामाहाची टेनेरे ७०० आली २०१९ ला, आणि तिच्याबद्दल लिहायला मला फारसं मिळत नाही ही माझी तक्रार आहे. ६८९ सीसीचं जुळं इंजिन २०१४ पासून एमटी-०७ मध्ये मुरलेलं, टॅपेट तपासायचे ४०,००० किलोमीटरला. इंजिनाखालची मूळ पत्रा-प्लेट बेताची आहे, ती बदलावी. संपलं.

आता वजन. डीआर १६६ किलो, टेनेरे २०४ च्या आसपास, आर १२५० जीएस अ‍ॅडव्हेंचर २६८. त्यावर अ‍ॅल्युमिनियमच्या पेट्या, क्रॅशगार्ड, जादा दिवे चढवले की नाकापेक्षा मोती जड. भरवशाच्या हिशेबात हे का? कारण मातीत गाडी बिघडण्याच्या कितीतरी आधी आडवी होते. इंजिन बंद, गिअर टाकलेला. उजवीकडे पडली असेल तर साइडस्टँड आधीच उघडायचा, नाहीतर उचललेली गाडी पलीकडे पडते. हँडल जमिनीच्या बाजूला पूर्ण वळवायचं, गाडीकडे पाठ करायची, सीटला पार्श्वभाग टेकवायचा, एका हाताने ग्रिप, दुसऱ्याने फ्रेम, आणि कंबर न वाकवता पायांच्या जोरावर छोटी पावलं टाकत मागे रेटायचं. ही कसरत शोरूममध्ये करू देत नाहीत. तिथे फक्त बसून बघायचं, आणि बसल्यावर प्रत्येक गाडी आपलीच वाटते.

म्हणून वही घेऊन मी शेवटी वापरलेल्या गाड्यांकडे वळलोय. स्पोकवर स्क्रूड्रायव्हर वाजवत जायचं, सगळे टणटण वाजत असताना एखादा थप्प करतो तो सुटलेला. मागचं स्प्रॉकेट बघायचं, दात लाटेसारखे झुकले असतील तर चेनही त्याच वयाची. आणि केएलआर असेल तर विकणारा हमखास सांगतो, "ते हे बदललंय, एकदम टकाटक." वाद घालू नये. एवढंच विचारावं, "जुनं कुठाय?" ज्याने खरोखर आपल्या हाताने बदललंय त्याने ते फेकलेलं नसतं. तो आत जातो आणि बरणी घेऊन येतो. बरणीत वॉशर, दोन-चार बिनकामाचे नट, आणि तळाशी ते हे, शक्यतो दोन तुकड्यांत.