साडेतीन महिन्यांत मैदानावर उतरलेला जेरी राइस, आणि त्यापुढचं कुणी का सांगत नाही

परवा रात्री दादाचा कोल्हापूरहून फोन आला. त्याच्या मुलाचं गुडघ्याचं ऑपरेशन होऊन साडेतीन महिने होत आलेत. पोरगं तालमीच्या संघातून फुटबॉल खेळतं. वळताना पाय जमिनीत रुतला, गुडघा फिरला आणि एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आत हाडं जोडून धरणारं मुख्य लिगामेंट, तुटलं. आमचं बोलणं नेहमीसारखं चाललं होतं, तेवढ्यात दादा म्हणाला, "अगं, तुमच्या तिकडचा तो जेरी राइस साडेतीन महिन्यांत मैदानात उतरला की! आमचं पोरगं अजून कठडा धरून जिना उतरतंय. मनातच नाही त्याच्या." मागून वहिनी काहीतरी म्हणाल्या आणि भाचा गप्प होता.

मग तो मेसेज माझ्याकडे आला. घरच्या ग्रुपवर, शाळेच्या ग्रुपवर, सोसायटीच्या ग्रुपवर, दोन दिवसांत चार ठिकाणी. तुमच्याकडेही आला असेल. थोडक्यात तो असा: अमेरिकेतल्या एका गवंड्याचा मुलगा. शाळेत सगळ्यांत हळू धावणारा. चेंडू घ्यायला पैसे नव्हते म्हणून विटा झेलून शिकला. सगळ्या संघांनी त्याला नाकारलं. गुडघा पूर्ण तुटला, डॉक्टर म्हणाले वर्षभर विसर, पण तो साडेतीन महिन्यांत उतरला आणि गुणही मिळवला, कारण दुखणं मनात असतं, गुडघ्यात नसतं. ना कुठली लबाडी, ना कुठलं साधन, फक्त कष्ट. त्याचा एकही विक्रम आजवर मोडलेला नाही. नाव जेरी राइस. शेवटी, "आपल्या मुलांना वाचायला द्या."

मी १९९६ पासून सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला राहते. त्या गावचा संघ फोर्टी-नायनर्स आणि जेरी राइस तेव्हा त्यांचा वाइड रिसीव्हर, म्हणजे क्वार्टरबॅकने लांब फेकलेला चेंडू पळत जाऊन झेलणारा. अमेरिकन फुटबॉल मला कळायला लागला तो त्याच्यामुळे. माझा तो फार लाडका खेळाडू आहे. म्हणूनच त्याच्या नावाने एका सतरा वर्षांच्या मुलाला घरात बोलणी खावी लागतात, हे मला सहन होत नाही. बाकीचे मुद्दे नंतर बघू, आधी गुडघा.

३१ ऑगस्ट १९९७. हंगामाचा पहिलाच सामना, टँपा बे विरुद्ध. त्याआधी बारा हंगामांत दुखापतीमुळे राइसचा एकही सामना चुकला नव्हता. चेंडू घेऊन तो आडवा पळत असताना टँपाच्या वॉरन सॅपने त्याच्या हेल्मेटची जाळी धरून त्याला खाली ओढलं. डाव्या गुडघ्याचं एसीएल तुटलं आणि आतल्या बाजूचं लिगामेंटही. शस्त्रक्रिया झाली. मग १५ डिसेंबरला, सोमवारी रात्री, डेन्व्हरविरुद्ध तो खरंच मैदानात उतरला. दुखापत होऊन १०६ दिवस झाले होते. एवढं मेसेजमध्ये खरं आहे.

तो सामना मी टीव्हीवर पाहिला. त्याच रात्री फोर्टी-नायनर्सचा जुना क्वार्टरबॅक जो मोंटाना याचा सोळा नंबर सन्मानाने निवृत्त करायचा होता, त्यामुळे वातावरण आधीच भारलेलं. राइस आला तेव्हा जो जल्लोष झाला, तो आमच्या छोट्या टीव्हीच्या स्पीकरमध्ये मावत नव्हता. सामन्याच्या चार भागांपैकी दुसऱ्यात, संघाचा क्वार्टरबॅक स्टीव्ह यंगने फेकलेला चेंडू त्याने मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात उडी मारून झेलला, म्हणजे टचडाउन. सहा गुण मिळाले आणि मेसेज इथेच संपतो.

खाली येताना तोच डावा गुडघा जमिनीवर आदळला आणि वाटीला तडा गेला. त्या झेलानंतर त्याचा हंगाम संपला. फोर्टी-नायनर्स पुढे त्यांच्या विभागाच्या अंतिम सामन्यापर्यंत गेले आणि जानेवारीत स्वतःच्या मैदानावर ग्रीन बेकडून २३-१० असे हरले. ज्या सामन्यासाठी राइस हवा होता, त्या सामन्यात तो नव्हता. वाटी जुळायची वाट बघत बसला होता.

आता दादा, नीट वाच. त्यानंतर तो परत कधी खेळला? सप्टेंबर १९९८ मध्ये. तडा गेल्यापासून जवळपास नऊ महिने आणि मूळ दुखापतीपासून एक वर्षाने. त्या हंगामात तो सगळे सोळा सामने खेळला, ८२ झेल घेतले, ९ टचडाउन केले. म्हणजे जे परतणं टिकलं, ते एका वर्षानंतरचं होतं. मेसेजमधल्या डॉक्टरांनी सांगितलेलं वर्ष शेवटी भरलंच, फक्त मध्ये एक हाड जास्तीचं मोडलं.

"दुखणं मनात असतं" म्हणणाऱ्याने एकदा समजून घ्यावं की या शस्त्रक्रियेत काय करतात. तुटलेलं एसीएल शिवून जोडत नाहीत, सहसा दुसरीकडची दोरी, म्हणजे स्नायूबंधाचा तुकडा, आणून बसवतात. एका पद्धतीत ती वाटीच्या खालच्या पट्ट्यातून घेतात, वाटीच्या हाडाचा छोटा तुकडा टोकाला ठेवून. त्यामुळे वाटीत खाच राहते आणि ती भरून येईपर्यंत वाटीला तडा जाण्याचा धोका असतो, हे डॉक्टरांना माहीत असतं. दुसऱ्या पद्धतीत दोरी मांडीच्या मागून घेतात. माझ्या भाच्याची तशी घेतलीय, तेव्हा वाटीची भीती कमी. पण दोन्हींत एक गोष्ट सारखी आहे: बसवलेली दोरी पहिल्या काही आठवड्यांत आधी कमजोर होते. तिला नवा रक्तपुरवठा मिळावा लागतो, मग ती हळूहळू लिगामेंटसारखी होते. याला महिने लागतात. आणि या काळात दुखणं बऱ्यापैकी कमी झालेलं असतं! पोराला वाटतं आपण बरे झालो, बापाला वाटतं पोरगं नाटक करतंय, आणि आत दोरी अजून कच्ची असते. दुखत नाही म्हणून धोका नाही, असं या गुडघ्याच्या बाबतीत समजूच नये.

माझ्या शब्दावर जाऊ नका. ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये २०१६ साली डेलावेअर आणि ऑस्लो इथल्या संशोधकांचा एक अभ्यास आला. एसीएलची शस्त्रक्रिया झालेल्या १०६ जणांवर त्यांनी दोन वर्षं लक्ष ठेवलं. निष्कर्ष असा की नऊ महिन्यांपर्यंत खेळात परतणं जितके महिने पुढे ढकललं, त्यातल्या प्रत्येक महिन्यामागे गुडघा पुन्हा दुखावण्याचं प्रमाण ५१ टक्क्यांनी कमी झालं. प्रत्येक महिन्यामागे! फुटबॉलसारख्या उड्या आणि वळणांच्या खेळात परतलेल्यांना पुन्हा दुखापत होण्याचं प्रमाण न परतलेल्यांच्या चौपटीहून जास्त होतं. आणि दोन्ही मांड्यांची पुढच्या स्नायूंची ताकद जितकी सारखी, तितका धोका कमी. इच्छाशक्ती मोजायचा रकाना त्या अभ्यासात नव्हता.

माझं म्हणणं एवढंच आहे की हा मेसेज ज्याने लिहिला, त्याने गोष्ट मधोमध कापली. चुकून कापली असेल असं मला वाटत नाही. टचडाउन ज्याला माहीत आहे, त्याला वाटी फुटल्याचं माहीत नसणं कठीण आहे, कारण दोन्ही एकाच झेलातलं आहे.

बाकीचं आता भराभर.

हळू धावणारा. चाळीस यार्डांच्या धावेची राइसची वेळ ४.६ ते ४.७ सेकंदांच्या आसपास सांगितली जाते. त्याच्या जागेवर खेळणाऱ्यांसाठी ती काही चमकदार नाही, म्हणून हे अर्धं खरं धरू. पण शाळेत सगळ्यांत हळू? उलट आहे. मिसिसिपीतल्या क्रॉफर्ड गावाजवळच्या शाळेत त्याने एकदा तास बुडवला, उपमुख्याध्यापकांनी मागून गाठलं आणि हा घाबरून असा सुसाट सुटला की त्यांनी शिक्षा केलीच, पण फुटबॉलच्या प्रशिक्षकालाही सांगितलं. हे राइस स्वतः सांगत आलाय. चाळीस यार्ड सरळ पळणं वेगळं आणि पूर्ण वेगात असताना पाय न अडखळता दिशा बदलणं वेगळं. तो दिशा बदलताना वेग सोडायचा नाही, आणि ते त्याने चढावर पळून पळून कमावलं होतं. सॅन कार्लोसजवळ एजवूड पार्कमध्ये ती टेकडी आहे, अडीच मैलांची वाट. मी दर वसंतात तिथे फुलं बघायला जाते. ओकच्या सावलीतून चालत गेलं तरी वरच्या वळणावर दम लागतो. राइस ती सुट्टीच्या दिवसांत, हंगाम नसताना, पळत चढायचा.

सगळ्यांनी नाकारलं. हे साफ खोटं. मोठ्या विद्यापीठांनी विचारलं नाही, एवढं खरं. तो गेला मिसिसिपी व्हॅली स्टेटला, इट्टा बेना नावाच्या लहान गावात. पण तिथे १९८४ च्या एका हंगामात त्याने २७ टचडाउन झेलले आणि देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूच्या हाइझमन पुरस्काराच्या मतदानात नववा आला. दरवर्षी संघ पाळीपाळीने कॉलेजचे खेळाडू निवडतात, विजेत्याची पाळी शेवटी. १९८५ च्या निवडीत फोर्टी-नायनर्सची पाळी २८ वी होती, कारण ते नुकतेच विजेते झाले होते. प्रशिक्षक बिल वॉल्श यांनी आपल्या दुसऱ्या फेरीची निवडही देऊन न्यू इंग्लंडकडून सोळावी जागा घेतली, ती याच्यासाठी. नाकारलेल्या माणसासाठी कुणी असा सौदा करत नाही.

विटा. हे खरं आहे. वडील गवंडी होते, मुलगे हाताखाली काम करायचे, परांचीवर उभ्या राइसकडे भाऊ खालून विटा फेकायचे आणि तो झेलायचा. "चेंडू नव्हता म्हणून" हे मात्र मागाहून चिकटवलंय. विटा झेलणं हे मिसिसिपीच्या उन्हातलं घरचं काम होतं. चेंडू झेलण्यात तो तयार झाला कॉलेजात, प्रशिक्षक आर्ची कूली यांच्या संघात, जिथे विली टॉटन नावाचा क्वार्टरबॅक सामनाभर चेंडू फेकत असायचा. आज तिथल्या स्टेडियमला राइस आणि टॉटन या दोघांचं नाव आहे. मेसेजमध्ये टॉटन नाही, कूली नाही, मोंटाना नाही, यंग नाही. झेलणाऱ्याला फेकणारा लागतो.

लबाडी नाही, साधन नाही. हा मुद्दा मला टाळता आला असता तर बरं वाटलं असतं. चेंडू हातात चिकटावा म्हणून लावायचा पदार्थ एनएफएलने, म्हणजे तिथल्या व्यावसायिक लीगने, १९८१ पासून बंद केला होता. २०१५ साली राइसची टीव्हीवरची मुलाखत फिरली, त्यात त्याने स्वतःच सांगितलं की मोज्यांवर थोडं चिकट फवारायचो. नंतर म्हणाला, आमच्या काळात सगळेच करायचे. त्याने माझं समाधान झालं नाही. त्याचे झेल त्यामुळे झाले असंही मी मानत नाही, पण नियम मोडला तो मोडला. देव बनवून मुलांपुढे ठेवायचं असेल तर हेही ठेवा.

एकही विक्रम मोडलेला नाही. मोडलेत. १९८७ मध्ये त्याने फक्त बारा सामन्यांत २२ टचडाउन झेलले. २००७ मध्ये रँडी मॉसने २३ केले, सोळा सामन्यांत. १९९५ चे एका हंगामात झेलांतून मिळवलेले १,८४८ यार्ड कॅल्विन जॉन्सनने २०१२ मध्ये मागे टाकले, १,९६४ वर नेले. पण कारकिर्दीचे आकडे मात्र तसेच उभे आहेत आणि ते बघून मला आजही भरून येतं: १,५४९ झेल, २२,८९५ यार्ड, सगळे मिळून २०८ टचडाउन. यार्डांत त्याच्यानंतरचा लॅरी फिट्झजेराल्ड १७,४९२ वर थांबला. मधलं अंतर भरायला हजार यार्डांचे पाचहून जास्त हंगाम लागतील. राइस वीस हंगाम खेळला. चाळिशीत, २००२ साली, ओकलंडकडून खेळताना त्याने १,२११ यार्ड मिळवले. यातले शेवटचे सात हंगाम त्या वाटीनंतरचे आहेत.

हे सगळं मी दादाला लिहून पाठवलं. सकाळी त्याचा उलटा प्रश्न आला, "मग आम्ही करायचं काय?" मी लिहिलं: मंगळवारी फिजिओकडे जाशील तेव्हा दोन्ही मांड्यांची ताकद मोजायला सांग, डाव्या-उजव्याचा आकडा कागदावर घे आणि नऊ महिने कधी पूर्ण होतात ती तारीख कॅलेंडरवर लिही. दुपारी वहिनींनी फोटो पाठवला. भिंतीवरच्या कालनिर्णयवर ऑपरेशनच्या तारखेपासून महिने मोजून पेन्सिलीने आकडे घातलेत, आणि खाली भाच्याच्या अक्षरात लिहिलंय, "जिना, कठडा न धरता: चार पायऱ्या."